कवितेचे शब्द आणि मुलांची चित्रे

प्राथमिक शाळेत कविता शिकवण्याची एक रुळलेली रीत आहे. शिक्षक चालीवर कविता म्हणतात, मुले मागून म्हणतात, मग कवितेखाली छापलेले शब्दार्थ फळ्यावर उतरतात आणि फळ्यावरून वहीत. डोह म्हणजे खोल पाणी. तट म्हणजे काठ. पाडस म्हणजे हरणाचे पिल्लू. दुसऱ्या दिवशी तोंडी विचारले तर बरीच मुले बरोबर सांगतात, चाचणीत गुणही मिळतात, आणि पुढे तो शब्द मुलांच्या बोलण्यात किंवा लिहिण्यात फारसा दिसत नाही. एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवला, एवढेच झालेले असते. ज्या मुलाने डोह पाहिलेला नाही त्याला 'खोल पाणी' म्हटल्यावर विहीर आठवेल, नाहीतर पोहण्याचा तलाव. वाहत्या ओढ्यात मध्येच थबकलेले ते पाणी, त्याचा काळसर रंग, तिथे एकट्याने जाऊ नको म्हणून आजीने घातलेली भीती, यातले काहीच वहीत येत नाही. कवीने मात्र तो शब्द या सगळ्यासकट घेतलेला असतो.

ही उणीव शिक्षकांनाही जाणवते. त्यातूनच शब्दकार्डे, चित्रवाचन, शब्दचक्र, शब्दडोंगर, कृतियुक्त गीते, भिंतीवरचे तक्ते असे कितीतरी प्रकार वर्गात आले. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि २०२१ मध्ये सुरू झालेले निपुण भारत अभियान यांनी पायाभूत भाषेवर भर दिल्यापासून दृश्य साहित्याला आणखी मान मिळाला आहे. पण साहित्य वाढले म्हणून शब्द वाढले असे होत नाही. कोणते चित्र, कोणी काढलेले, कवितेच्या आधी की नंतर, आणि मुख्य म्हणजे कोणत्या शब्दासाठी, हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत. माझे मत सुरुवातीलाच सांगावे हे बरे. तयार छापील चित्र शब्द ओळखायला मदत करते, पण शब्द मुलाचा स्वतःचा व्हायचा असेल तर चित्र त्याने काढावे लागते, आणि ते काढताना अडल्यावर त्याला पुन्हा कवितेकडे जावे लागते. मुलाला कवितेकडे परत पाठवत नाही ती कृती चित्रकलेच्या तासाला शोभेल, मराठीच्या तासाला तिचा उपयोग थोडाच.

चित्राच्या आधाराने भाषा शिकवण्याची कल्पना जुनी आहे. मोरावियात जन्मलेल्या कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला 'ऑर्बिस पिक्टस' हे लॅटिन आणि जर्मन अशा दोन भाषांतले सचित्र पुस्तक काढले. लाकडी ठशाचे चित्र, चित्रातल्या एकेका वस्तूवर आकडा, आणि मजकुरात त्याच आकड्याला जोडलेला शब्द अशी त्याची मांडणी होती. आज भिंतीवर लागणारे फळांचे, पक्ष्यांचे, वाहनांचे तक्ते त्याच घराण्यातले आहेत. या पद्धतीचे बळ नामांत आहे. आंबा, बैल, नांगर हे दाखवता येतात. 'हेलकावणे' किंवा 'हुरहुर' यांच्यावर आकडा कुठे घालणार? आणि कविता तर अशाच शब्दांवर उभी असते.

आपल्याकडे गाणे आणि चित्र यांची सांगड शाळेच्या फार आधीपासून आहे. आश्विनात पाटावर हत्तीचे चित्र काढून मुली त्याभोवती फेर धरतात तो भोंडला, कुठे हादगा, घ्या. भाज्यांची, दागिन्यांची, नात्यांची नावे त्या गाण्यांतून आणि फेरातून पाठ होत आली. शेवटी खिरापत ओळखण्याचा खेळ असतो. गोड की तिखट, ओले की कोरडे, वाटीतले की ताटलीतले असे विचारत विचारत पदार्थाचे नाव शोधायचे. शब्दाच्या अर्थाचे पदर एकेक करून उलगडायचा यापेक्षा नेटका खेळ मला माहीत नाही. दुसरे उदाहरण सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळीचे. तिथले ठाकर समाजातले चित्रकथी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगतात. चित्रांच्या संचाला ते पोथी म्हणतात. ही परंपरा सांभाळणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीचे चित्र स्थिर असते, त्यात नसलेली हालचाल गायकाचा शब्द भरतो, आणि ऐकणाऱ्याची नजर चित्र आणि शब्द यांच्यामध्ये सतत ये-जा करत राहते. वर्गातल्या कृतीकडून आपल्याला हीच ये-जा हवी आहे.

शाळेच्या चौकटीत हा विचार मराठी मुलुखात रुजवला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. भावनगरच्या दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केल्यावर ताराबाई १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या आणि पुढे कोसबाडला गेल्या. तिथल्या आदिवासी मुलांसाठी पाने, बिया, शिंपले, माती हेच शैक्षणिक साहित्य झाले. पैसे नव्हते हे त्याचे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे, ते असे की मुलाला नाव ठाऊक असलेली वस्तू हातात असली की त्याच्या तोंडून बोलणे फुटते. रानात पाने गोळा करणारे मूल शिक्षकाला शब्द देऊ शकते. तक्त्यासमोर बसवलेल्या मुलाला मात्र शब्द फक्त घ्यावे लागतात.

आता संशोधन काय सांगते ते थोडक्यात. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ ॲलन पेव्हिओ यांनी १९७१ च्या ग्रंथात मांडले की शब्द आणि प्रतिमा मनात दोन वेगळ्या वाटांनी साठवल्या जातात, म्हणून जी गोष्ट दोन्ही वाटांनी आत जाते ती आठवायला सोपी जाते. न्यूझीलंडमध्ये वॉरविक एली यांनी १९८९ मध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांवर प्रयोग प्रसिद्ध केले. गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा वाचून दाखवली तरी निवडलेल्या नव्या शब्दांच्या ज्ञानात सुमारे १५ टक्के भर पडली. वाचताना शिक्षकाने शब्द थोडक्यात समजावला, चित्राकडे बोट दाखवले किंवा अभिनय केला तेव्हा ती भर ४० टक्क्यांपर्यंत गेली. कोणते शब्द अधिक पक्के झाले तेही त्यांनी तपासले. जे मजकुरात वारंवार येत होते, ज्यांचा अर्थ संदर्भातून लागत होता आणि जे चित्रात दिसत होते, ते. अमेरिकेत स्टाल आणि फेअरबँक्स यांनी १९८६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले की नुसत्या अर्थापेक्षा अर्थ आणि वापराचा संदर्भ हे दोन्ही दिले तर मुले जास्त शिकतात. कवितेखालच्या शब्दार्थांची यादी यातले एकच देते.

याच्या उलट जाणारा पुरावाही आहे, आणि चित्रप्रेमी मंडळी तो सहसा सांगत नाहीत. संशोधक जे सॅम्युअल्स यांनी १९६७ मध्ये वाचायला शिकणाऱ्या मुलांवर प्रयोग केला. छापील शब्दाशेजारी चित्र ठेवले की कच्ची मुले चित्र पाहून शब्द 'वाचतात', अक्षरांकडे बघतच नाहीत. चित्र काढून घेतले की शब्द जातो. पहिली-दुसरीच्या वर्गात शब्दकार्ड वापरणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे पाहिले असेल. 'कमळ' आणि 'बदक' ही कार्डे चित्रासह धडाधड ओळखणारे मूल उघड्या अक्षरांपुढे गप्प होते. म्हणजे शब्दाचा अर्थ कळणे आणि शब्द वाचता येणे ही दोन कामे आहेत आणि एकच चित्र दोन्ही करत नाही. अर्थासाठी चित्र जरूर वापरावे, पण शब्द वाचून दाखवण्याची वेळ आली की ते मिटावे.

आणखी एक अलीकडचा धागा आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या वॅम्स, मीड आणि फर्नांडिस यांनी २०१६ मध्ये दाखवले की शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा त्याचे चित्र काढले तर तो कितीतरी अधिक आठवतो, आणि त्यासाठी चित्र चांगले असण्याची गरज नसते. हे प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाले आहेत, म्हणून ते जसेच्या तसे तिसरीच्या मुलांना लावू नयेत. तरीही त्यातली एक गोष्ट वर्गात उपयोगाची आहे. चित्र काढायचे तर ठरवावे लागते. डोह गोल की लांबट? काठाला काय आहे? पाणी कुठल्या रंगाचे? शब्द पाच वेळा लिहिणाऱ्याला यातले काहीच ठरवावे लागत नाही.

हे सारे एका कवितेवर पडताळून पाहू. बालकवींची 'औदुंबर' ही आठच ओळींची कविता. धरणगावात १८९० मध्ये जन्मलेल्या आणि १९१८ मध्ये अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेलेल्या या कवीने त्या आठ ओळींत झरा, बेटे, चिमुकले गाव, शेतमळे, पायवाट, डोह आणि पाण्याशी टेकलेले झाड एवढे सारे मांडले आहे. कविता वाचून दाखवावी, दोनदा, तीनदा. शब्दार्थ सांगू नयेत. मग मुलांना कोरा कागद द्यावा आणि गावाचा नकाशा काढायला सांगावा. निसर्गचित्र काढायला सांगितले तर मुले डोंगराआडचा सूर्य, नारळाचे झाड आणि कौलारू घर हे पाठ असलेले चित्र काढून मोकळी होतात. नकाशा म्हटले की प्रश्न सुरू होतात. झरा कुठून कुठे? गाव कोणत्या बाजूला?

इथे 'ऐल' आणि 'पैल' हे शब्द अडतात. ऐल म्हणजे अलीकडचा, पैल म्हणजे पलीकडचा, हे सांगून भागत नाही, कारण अलीकडे म्हणजे कोणाच्या अलीकडे? उभे कुठे राहायचे हे ठरल्याशिवाय नकाशा काढताच येत नाही. वर्गातल्या फरशीवर खडूने दोन समांतर रेषा ओढून झरा करावा आणि अर्धी मुले एका काठाला, अर्धी दुसऱ्या काठाला उभी करावीत. प्रत्येकाने आपापल्या जागेवरून ऐलतीर दाखवावे. दोन्ही बाजू आपापल्या काठाकडे बोट दाखवतील आणि वाद सुरू होईल. त्या वादातच तो शब्द शिकून होतो, कारण पाहणाऱ्याची जागा बदलली की ऐलचे पैल होते हे मुलांना अंगाने कळते. पुढे कधीतरी ज्ञानेश्वरांच्या अभंगात 'पैल' भेटला तर अर्थासाठी वहीत शोधावे लागणार नाही.

नकाशात पुढची अडचण पायवाटेची. ती सरळ काढणारी मुले बरीच असतात. त्यांना फक्त एवढेच विचारावे, कवितेत वाट कशी गेली आहे? मूल पुन्हा पुस्तक उघडते, वाकडेपणा दाखवणारा शब्द सापडतो, आणि खोडरबर हातात घेतला जातो. शिक्षकाने चूक सांगायची गरजच पडत नाही.

मग डोह. इथे वरून काढलेला नकाशा पुरत नाही. कागदाच्या मागे बाजूने कापल्यासारखे चित्र काढायला सांगावे, आणि एकट्या डोहाचे नको. डबके, तळे, हौद, विहीर, बंधारा आणि डोह अशी पाण्याची सहा ठिकाणे शेजारीशेजारी. डबके उथळ आणि तात्पुरते. हौद बांधलेला. विहीर खोल, पण तिला प्रवाह नाही. बंधाऱ्याचे पाणी माणसाने अडवलेले. डोहात पाणी खोल आहे आणि दोन्ही बाजूंना ओढा वाहतो आहे. अमेरिकेत डोरोथी फ्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये चार खणांची एक चौकट सुचवली होती. तिच्यात उदाहरणाबरोबरच 'उदाहरण नसलेले' हाही एक खण असतो. आपल्याकडे समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांचा एवढा सराव होतो, पण डोहाला विरुद्धार्थी शब्द नाही. त्याला शेजारी आहेत, आणि त्या शेजाऱ्यांपासून वेगळा काढल्याशिवाय तो नीट कळत नाही.

रंग शेवटी भरावेत. कवितेत झऱ्याच्या निळ्याला सावळेपणा आहे. रंगपेटीतला निळा खडू उचलून चालत नाही, मिसळावे लागते. काळिमा हा शब्द मुलांना माहीत असलाच तर बदनामीच्या अर्थाने, आणि कवी त्याच्याआधी चक्क 'गोड' म्हणतो. गर्द झाडाखालच्या पाण्याचे छायाचित्र दाखवायचे असेल तर ते या टप्प्यावर. मुले गडद हिरवा, निळा आणि थोडा काळा एकमेकांवर घासून पाहतात. हा काळा डांबराच्या काळ्यापेक्षा वेगळा आहे हे त्यांना हाताने समजते. मग विचारावे, याला गोड का म्हटले असेल? उत्तरे वेगवेगळी येतील आणि ती तशीच राहू द्यावीत. दोन-तीन तासिका एवढ्यातच जातात. त्या जाऊ द्याव्यात. असे काम वर्षात चार कवितांवर झाले तरी पुष्कळ, उरलेल्या कविता मुलांनी नुसत्या गाव्यात.

नामांपेक्षा मराठी कवितेची खरी श्रीमंती मला तिच्या नादशब्दांत दिसते. रिमझिम, भुरभुर, पिरपिर, झुळझुळ, खळखळ, सळसळ, लुकलुक, मिणमिण, लखलख. यांचे शब्दार्थ लिहायला बसले की 'पाण्याचा आवाज', 'पानांचा आवाज' याच्या पुढे जाता येत नाही. पण रेषेला हे शब्द सहज वश होतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ कोलर यांनी १९२९ मध्ये नोंदवले की अर्थहीन शब्दांचा नाद ऐकून लोक कोणता गोलसर आकृतीचा आणि कोणता टोकदार आकृतीचा हे बरेचसे एकमताने सांगतात. रामचंद्रन आणि हबर्ड यांनी २००१ मध्ये हे पुन्हा चर्चेत आणले. नाद आणि आकार यांचे हे नाते मुलांना शिकवावे लागत नाही, ते असतेच.

म्हणून पावसाची कविता असेल तेव्हा कागदाचे आठ खण करावेत आणि प्रत्येक खणात एकेक पाऊस काढायला सांगावा. ढग नको, छत्री नको, फक्त रेषा आणि ठिपके. भुरभुर विरळ ठिपक्यांची. रिमझिम बारीक, सारख्या अंतराच्या रेघांची. मुसळधार जाड आणि उभी. पिरपिर काढताना मुले थांबतात, कारण ती जोराने नाही तर कंटाळवाण्या लांबण्याने ओळखली जाते. खण संपला तरी ठिपके पुढच्या खणात जायला हवेत असे एखादे मूल म्हणते आणि ते अगदी बरोबर असते. झडीचेही तसेच. वळवाला वारा हवा, म्हणून तिरपे फटकारे. 'श्रावणमास' या कवितेतला शिरवा येतो आणि लगेच जातो, मग खणाचा अर्धा भाग उन्हाचा ठेवावा लागतो. कागद भरले की त्यांची अदलाबदल करावी आणि शेजाऱ्याने खण पाहून शब्द ओळखावा. ओळखता आला नाही तर काढणाऱ्याने समजावून सांगावे. नवा शब्द मुलाच्या तोंडी सगळ्यात जास्त वेळा येतो तो या समजावण्यात.

पक्ष्यांच्या कवितांत हेच क्रियापदांना लावता येते. पक्षी न काढता त्याच्या उडण्याची तुटक रेघ काढायची. घिरट्या, झेप, भरारी, झेपावणे, तरंगणे. वाऱ्याच्या कवितेत डोलणे, झुलणे, हेलकावणे, थरथरणे. क्रियापदे अशी रेघेत उतरली की पुढे मुलांच्या निबंधातला प्रत्येक पक्षी नुसता 'उडत' राहत नाही.

अमूर्त शब्दांचे काय? माया, लळा, हुरहुर, खंत यांची चित्रे काढायला लावली की हसरे-रडके चेहरे आणि बदाम मिळतात, आणि सगळ्या भावना दोन चेहऱ्यांत कोंबल्या जातात. इथे चित्राचा हट्ट सोडावा. त्याऐवजी वर्गात आडवी दोरी बांधून चिमट्यांनी शब्दपट्ट्या लावाव्यात: खट्टू, नाराज, उदास, व्याकूळ, शोकाकुल. कोणता आधी, कोणता नंतर, हे मुलांनी ठरवावे. कवितेतला शब्द आणून त्याची जागा शोधावी. यात चित्र नाही, पण नजरेला क्रम दिसतो. 'खट्टू' कोणाला म्हणायचे आणि 'व्याकूळ' कोणाला, यावर दहा वर्षांची मुले फार गंभीरपणे भांडतात.

बहिणाबाई चौधरींच्या कविता या विषयात वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. 'बहिणाबाईंची गाणी' १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतरच्या वर्षी, त्यांचे पुत्र सोपानदेव यांच्यामुळे पुस्तकरूपात आली. पाठ्यपुस्तकात त्यातली कविता आली की प्रमाण मराठीतले प्रतिशब्द शोधण्याचे काम सुरू होते. जळगाव-धुळ्याकडच्या वर्गात मात्र ते उलटे होऊ शकते, तिथे शब्द मुलांच्या घरचे असतात. 'वढाय' जनावर कसे असते हे गुरे राखलेल्या मुलाने करून दाखवावे: हाकलले की पुन्हा पिकात शिरणारे, नजर चुकवणारे. कवितेत मनाला तो शब्द का लावला हे मग कोणाला सांगावे लागत नाही. पुण्या-मुंबईच्या वर्गात हाच शब्द खडूने आखलेल्या शेतात एका मुलाला गाय आणि दुसऱ्याला राखण्या करून खेळता येतो. सुगरणीच्या खोप्यावरच्या त्यांच्या कवितेसाठी तर चित्र हा दुय्यम पर्याय आहे. पावसाळ्यानंतर बाभळीला किंवा विहिरीवरच्या फांदीला लोंबणारा रिकामा किंवा खाली पडलेला खोपा मिळाला तर वर्गात आणावा आणि समोर ठेवून रेखाटावा. नळीसारखे प्रवेशद्वार, फुगीर कप्पा, विणीचे धागे. एवढे बारकाईने पाहणारी मुले पुढे पक्षीही पाहू लागतात, आणि विणकाम नर सुगरण करतो हे त्यांच्या लक्षात येते. कवितेने ते श्रेय मादीला दिले आहे. कविता आणि निरीक्षण यांतला हा फरक मुलांपासून लपवू नये, त्यावर चांगली चर्चा होते.

घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांचा प्रश्न याहून अवघड आहे. वारली किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाला मराठी शब्दाचा नाद पुष्कळदा ओळखीचा वाटतो. मेळघाटातल्या कोरकू मुलाला तोही आधार नाही, कारण कोरकू ही वेगळ्याच, ऑस्ट्रोआशियाई भाषाकुळातली. अशा वर्गात चित्र हा दोन भाषांमधला पूल होतो, पण दोन्ही काठांना टेकला तरच. मुलाने काढलेल्या चित्राखाली आधी त्याच्या भाषेतला शब्द, देवनागरीत, आणि मग कवितेतला मराठी शब्द लिहावा. कित्येकदा एका मराठी शब्दासाठी मुले दोन-तीन शब्द देतात, कारण त्यांच्या रानातल्या ओढ्याला, पानाला, वाटेला अधिक बारकाव्याची नावे असतात. ती सगळी लिहावीत. वारली चित्रकलेबद्दलही एक सांगायचे आहे. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि आता शाळांच्या भिंतींवर, पाठ्यपुस्तकांच्या कडांना ती सर्रास दिसते. कडेची नक्षी म्हणून ती वापरण्यापेक्षा तिची रीत वर्गात आणावी. त्रिकोण, वर्तुळ आणि रेघ एवढ्यावर त्या चित्रांत माणसे नाचतात, पेरतात, मासे धरतात. क्रियापदे दाखवायला एवढी सोपी आणि बोलकी चित्रलिपी दुसरी नाही.

मोट, जाते, उखळ, रांजण, शिंकाळे असे शब्द शहरातल्या आणि परदेशातल्या रविवारच्या मराठी शाळांतल्या मुलांना सारखेच परके आहेत. यांच्यासाठी मुलांना कल्पनेने चित्र काढायला लावण्यात अर्थ नाही. छायाचित्र, आणि मोटेसारखी चालणारी वस्तू असेल तर चलचित्र दाखवावे. मोटेचे चित्र पाहून मुलाला चामड्याची पिशवी दिसते, पण बैल उतारावर पुढे गेले की मोट वर येते हे चालताना पाहिल्याशिवाय कळत नाही. याच्या अगदी उलट विंदा करंदीकरांच्या बालकविता. 'एटू लोकांचा देश' सारख्या पुस्तकातली माणसे कुठेच नाहीत, म्हणून तिथे छायाचित्राचा प्रश्नच येत नाही आणि तयार चित्र आधी दाखवणे म्हणजे मुलाचा वाटा काढून घेणे.

वर्गात बिनसते ते बहुतेक दोन ठिकाणी. पहिले, शब्दांची निवड. आयझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये शब्दांचे तीन थर मांडले: रोजचे, साहित्यात आणि विचारी बोलण्यात पुन्हा पुन्हा येणारे, आणि एखाद्या विषयापुरते मर्यादित. मेहनत मधल्या थरावर घ्यावी असे त्यांचे म्हणणे. मराठी कवितेत एक दुर्मीळ, जुना शब्द असतो आणि सगळा वेळ त्यावरच जातो. बलाकमाला मुलाला आयुष्यात पुन्हा कधी भेटेल सांगता येत नाही. डोलणे, सावळा, डोह, थबकणे मात्र भेटत राहतील. दुर्मीळ शब्दाचा अर्थ एका वाक्यात सांगून पुढे जावे आणि कृती चार-पाच शब्दांपुरती ठेवावी. दुसरे, कृतीचा पसारा. कापणे, चिकटवणे, चमकी लावणे यात तास संपतो, तक्ता सुंदर होतो, केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्याचे कौतुकही होते, आणि शब्द मुलाच्या तोंडून एकदाही निघालेला नसतो. खडू, कोळसा, रांगोळी, माती आणि फरशी एवढ्यावर वरच्या सगळ्या कृती होतात. दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाला याहून जास्त शक्यही नसते.

मूल्यमापन बदलल्याशिवाय यातले काही टिकणार नाही. चाचणीत 'शब्दार्थ लिहा' असाच प्रश्न येणार असेल तर पालक आणि शिक्षक गाइडकडेच वळतील, त्यात त्यांचा दोष नाही. प्रश्नपत्रिकेत थोडी जागा लागेल, एवढेच. पाण्याच्या चार ठिकाणांची बाजूने कापलेली साधी रेखाटने द्यावीत आणि विचारावे: यातला डोह कोणता, आणि उरलेले तीन डोह का नाहीत? पावसाचे तीन खण द्यावेत आणि प्रत्येकासाठी एक वाक्य लिहायला सांगावे. सहामाहीला विचारलेले शब्द वार्षिकला पुन्हा विचारावेत, तेव्हा चित्राविना, आणि मुलाने पूर्वी न वाचलेल्या एखाद्या कवितेतून.